काळे फोटो

मोर्शीच्या बाजारात चिंतामणराव ग्रीसचा डबा विकत घेत होते, तेव्हा शेजारच्या बागेचे खुशालराव त्यांना भेटले.

"सर, गाडीचं काही काम निघालं का?"

"गाडीचं नाही. छपराची चाकं जाम झालीत. वर्षभर हलवलंच नाही ना."

कोणतं छप्पर, हे खुशालरावांना सांगायला नको होतं. "मंग पुन्ना चालू करून राहिले का तुमी?"

"एक फोटो अर्धा राहिलाय. तेवढा पुरा करतो आणि विकून टाकतो सगळं."

"करा, करा. माह्या विहिरीच्या मोटारीवरचा बलब बंद ठेवत जातो मी राती. पयलेसारखा." आणि मग, न राहवून, "पण सर, टॉर्च ठेवत जा हाताशी. आता तरी."

चिंतामणरावांनी मान हलवली आणि स्कूटर चालू केली.

माणूस निवृत्त झाला की त्याला काहीतरी लागतंच. कोणी भजनी मंडळात जातो, कोणी कॉलनीच्या राजकारणात पडतो. चिंतामणराव अमरावतीच्या कॉलेजात तीस वर्षं फिजिक्स शिकवून निवृत्त झाले आणि आकाशाच्या मागं लागले. अमरावतीत रात्रीचं आकाश दिसत नाही म्हणून मोर्शीच्या पुढं, वरूडच्या रस्त्यावर, संत्र्याच्या बागांमध्ये त्यांनी जागा घेतली, छोटं घर बांधलं, आणि घरामागं तीस पावलांवर दहा बाय दहाची पत्र्याची खोली उभी केली. खोलीचं छप्पर रुळांवरून मागं सरकायचं. आत दुर्बीण, दुर्बिणीला कॅमेरा, कॅमेऱ्याला लॅपटॉप, आणि एक खुर्ची. दाराला तीन पायऱ्या. त्यांच्या बायकोनं, कुंदाबाईंनी, या खोलीचं नाव 'तुमचं सासर' असं ठेवलं होतं, कारण रोज संध्याकाळी हा माणूस आंघोळ करून, स्वेटर घालून तिकडं जायचा.

हा छंद म्हणजे चिकाटीचा कळस. लाखो वर्षांपूर्वी निघालेला उजेड, तो इतका मंद की एका फोटोत काहीच दिसत नाही. म्हणून दहा-दहा मिनिटांचे फोटो घ्यायचे, रात्रीमागून रात्री, आणि मग ते एकावर एक रचायचे. एकाच जागी राहणारी गोष्ट प्रत्येक फोटोगणिक ठळक होत जाते. मधूनच गेलेलं विमान, उपग्रह, वटवाघूळ, हे सगळं रचताना आपोआप गळून पडतं. जे हलत नाही तेच खरं, एवढा साधा हिशोब.

आणि सगळ्यात शेवटी काळे फोटो. दुर्बिणीला झाकण लावायचं आणि तेवढेच दहा-दहा मिनिटांचे फोटो घ्यायचे, पूर्ण अंधाराचे. त्यात येतो तो कॅमेऱ्याचा स्वतःचा मळ, खोटे ठिपके, खरखर. तो मळ मग खऱ्या फोटोतून वजा करायचा. "झाकण लावून फोटो काढणारा माणूस मी एकच पाहिला," असं कुंदाबाई येईल त्या पाहुण्याला हसून सांगायच्या.

घरात एकच कायदा होता. फोटो चालू असताना उजेड करायचा नाही. अंगणातला दिवा नाही, स्वयंपाकघरातला नाही, टॉर्चसुद्धा नाही. खोलीत एक लाल दिवा, तोही झिरोचा. कुंदाबाई रात्री थर्मासमध्ये चहा घेऊन यायच्या त्या अंधारात, चाचपडत, आणि तीस पावलं मोजत.

गेल्या वर्षी कार्तिकातल्या अमावास्येला त्या अशाच आल्या. साडेबाराची वेळ. दुसऱ्या पायरीपाशी थांबून त्या म्हणाल्या, "अहो, पायाला काहीतरी टोचलं हो."

"काटा असेल," चिंतामणराव मागं न वळता म्हणाले. "आहे तिथंच बस. लाईट लावू नको. झालंच."

तीन फोटो बाकी होते. म्हणजे अर्धा तास. कुंदाबाई पायरीवर बसल्या. मध्ये एकदा त्यांनी विचारलं, "झालं का?" आवाज जरा जड होता, झोप आल्यासारखा. चिंतामणराव म्हणाले, "झालंच."

तिसरा फोटो संपल्यावर त्यांनी दिवा लावला. कुंदाबाईंच्या पापण्या उचलत नव्हत्या. पायरीच्या दगडाखाली विटांच्या फटीत मण्यारीची काळी-पांढरी शेपटी आत सरकताना त्यांना दिसली. त्यांनी तसंच बायकोला उचलून गाडीत घातलं. अमरावतीला पोचेपर्यंत सव्वादोन झाले. पहाटे पाचला कुंदाबाई गेल्या.

"किती वेळ झाला होता चावून?" डॉक्टरांनी विचारलं होतं.

"लगेच निघालो," चिंतामणराव म्हणाले.

अकोल्याहून धावत आलेल्या निधीला, त्यांच्या एकुलत्या एका मुलीला, त्यांनी सांगितलं की फोटो चालू होता, हाक ऐकू आली नाही. निधी रडली, पण तिनं बापाला दोष दिला नाही. आकाशाचा फोटो चालू असला की बाबा कसे असतात ते तिला लहानपणापासून माहीत होतं.

पण आकाशाचा फोटो चालू नव्हता. हे एकट्या चिंतामणरावांना माहीत होतं. ते शेवटचे तीन फोटो काळे होते. दुर्बिणीला झाकण लावलेलं होतं. अंगणात लग्नाचा मांडव घालून हॅलोजन लावले असते तरी त्या फोटोंना ढिम्म फरक पडला नसता. कायद्याची गरजच नव्हती त्या अर्ध्या तासात. केवळ सवयीनं त्यांनी बायकोला अंधारात बसवून ठेवलं, आणि तीही, सवयीनंच, बसून राहिली.

दहाव्या दिवशी पिंडाला कावळा शिवेना. निधी म्हणाली, "आई, मी बाबांना सांभाळीन." भाऊ, जाऊ, सगळ्यांनी आपापलं सांगून पाहिलं. चिंतामणराव हात जोडून गप्प उभे राहिले. शेवटी दर्भाचा कावळा करावा लागला.

तर एक वर्षानं त्यांनी छपराच्या चाकांना ग्रीस लावलं. देवयानी दीर्घिकेचा तो फोटो अर्धा राहिला होता. कुंदाबाईंना तो बैठकीत लावायचा होता, भिंतीवर खिळाही ठोकून घेतला होता त्यांनी. तो खिळा वर्षभर चिंतामणरावांकडं बघत होता. यावर्षी दिवाळी झाल्यावर, कृष्ण पक्ष अर्धा सरताच, त्यांनी चार रात्री उजेड गोळा केला. पाचव्या दिवशी सकाळी सगळे फोटो रचले आणि त्यातून गेल्या वर्षीचे काळे फोटो वजा केले. वर्षभरात ते त्यांनी उघडले नव्हते.

देवयानी सुंदर आली होती. पण तिच्या मधोमध एक काळं भोक होतं. डाग म्हणावा तर कडा फार स्पष्ट होत्या. वर गोल, खाली रुंद, दोन्ही बाजूंना उतरते खांदे.

वजाबाकीत भोक पडतं ते वजा केलेल्या फोटोत काहीतरी असेल तरच. हे कळायला त्यांना फिजिक्सची गरज नव्हती. त्यांनी ते दहा काळे फोटो एकेक उघडून उजळवून पाहिले. पहिले सात स्वच्छ. शेवटच्या तिनांत मध्यभागी काहीतरी अंधुक होतं.

"उजेड शिरला असेल कुठून तरी," ते मोठ्यानं म्हणाले.

त्या रात्री त्यांनी झाकण घट्ट लावलं, वरून काळं फडकं गुंडाळलं, आणि नवे काळे फोटो घेतले. दहाच्या दहांमध्ये ते होतं. पुढच्या रात्री आणखी दहा. तेही तसेच. सगळे एकावर एक रचत गेले तसतसं चित्र ठळक होत गेलं. हललं असतं तर गळून पडलं असतं. पण ते केसभरही हलत नव्हतं.

अमावास्येच्या आदल्या दिवशी चित्र पुरतं कळलं. एक उघडं दार. दारात मंद उजेड. त्या उजेडात खुर्चीत बसलेला माणूस, पाठमोरा. हे सगळं खालून, खोलीच्या जमिनीपासून हात-दीड हातावरून पाहिलेलं. दुसऱ्या पायरीवर बसलेल्या माणसाला दिसेल तसं.

पाठीवर, उजव्या खांद्याच्या खाली, चार बोटं रुंद अशी एक फिकट पट्टी होती. चिंतामणरावांना ती ओळखता येईना. त्यांनी अंगातला स्वेटर काढला आणि उलटून पाहिला. मातकट लोकर तिथं संपली होती आणि कुंदाबाईंनी तेवढा तुकडा पांढऱ्या लोकरीनं पुरा केला होता. आठ वर्षं तो स्वेटर ते घालत होते. पाठीकडची बाजू त्यांनी कधी बघितली नव्हती.

ते खाली बसले आणि पोटातून रडले. वर्षभरात पहिल्यांदा.

दुसऱ्या दिवशी वर्षश्राद्ध झालं. निधी आली होती, संध्याकाळी अकोल्याला परत निघताना म्हणाली, "बाबा, चला ना माझ्याकडे. इथं एकटे कशाला राहता?"

"निधी…" चिंतामणरावांनी सुरुवात केली. सगळं ओठांवर आलं होतं. "त्या रात्री आईनं…"

"नको बाबा. पुन्हा पुन्हा तेच नका आठवू. तुम्हाला ऐकू आलं नाही, त्यात तुमची काय चूक?" तिनं त्यांचा हात दाबला आणि गाडीत बसली. झालं, राहून गेलं.

रात्री ते खोलीत गेले. आज आकाशाकडं बघायचंच नव्हतं. छप्पर बंद, झाकण लावलेलं. त्यांनी दार सताड उघडं ठेवलं, पाठ दाराकडं केली आणि काळा फोटो सुरू केला. बागेतून संत्र्याचा आंबटसर वास येत होता. दूर रस्त्यावर एखादा ट्रक, मग तोही नाही. रातकिडे चालू होते, आणि साडेबाराला दहा मिनिटं असताना तेही थांबले.

"झालं का?"

आवाज मागून आला. दुसऱ्या पायरीवरून. जड, झोपाळलेला, आणि अगदी शांत. त्यात राग नव्हता, तक्रार नव्हती. नुसती वाट पाहणं होतं. चिंतामणरावांच्या जिभेवर जे आलं ते सवयीचं होतं, झालंच. ते त्यांनी दातांखाली दाबून धरलं.

"झालं," ते म्हणाले. "झालं, कुंदा. ऊठ आता… मी चुकलो. झाकण लावलेलं होतं गं. उजेड केला असता तरी चाललं असतं. ऊठ."

ते उठले, खोलीतला मोठा दिवा लावला, अंगणातला लावला, धावत जाऊन घरातले सगळे दिवे लावले. वर्षानुवर्षं न लागलेला गच्चीवरचा दिवासुद्धा लावला. पायरीवर कोणी नव्हतं. ते त्या पायरीवर जाऊन बसले, जिथं ती बसली होती तिथंच, आणि हातांनी दगड चाचपडत राहिले. दगड गार होता, पण बसण्यापुरता भाग कोमट लागला.

तेवढ्यात सगळे दिवे गेले. घराचे, अंगणाचे, गच्चीचे. लांब खुशालरावांच्या गोठ्यातला दिवा मात्र चालू दिसत होता. आणि पाठीमागं, खोलीत, लाल झिरोचा दिवा.

ते वळले. खुर्चीत कोणीतरी बसलं होतं. पाठमोरं. अंबाडा आणि पदराची कड तेवढी लाल उजेडात दिसत होती.

"कुंदा…"

"लाईट लावू नका," खुर्चीतून आवाज आला. "आहे तिथंच बसा. झालंच."

चिंतामणराव बसले. भीतीनं बसले म्हणावं तर ते अर्धंच खरं. उरलेलं अर्धं असं, की आपल्याला काहीतरी सांगितलं गेलंय आणि ते आपण करू शकतो, याचा त्यांना आधार वाटला. अर्धा तास काय, ते सकाळपर्यंत बसून राहिले.

"सर! रातभर अठीसाच बसून होते का तुमी?" उजाडल्यावर खुशालराव कुंपणापाशी उभे होते. "काहून? आन् रातीचे एवढे दिवे काहून लावले होते? लगेच बंद बी केले. मले वाटलं कोनी पावनं आलं."

"मी नाही बंद केले," चिंतामणराव म्हणाले.

"चहा पाठवतो मी," एवढंच म्हणून खुशालराव गेले.

खोलीत कोणी नव्हतं. लॅपटॉपवर त्यांनी स्वतः न घेतलेले तीन नवे फोटो होते. दहा-दहा मिनिटांचे, काळे, झाकण लावून घेतलेले. वेळ साडेबारा ते एक. ते पायरीवर बसले होते ती वेळ.

त्यांना एकच बघायचं होतं. तिच्या तीन फोटोंमध्ये त्यांची पाठ होती, कारण ती त्यांच्याकडं बघत बसली होती. आता या तिनांमध्ये ते स्वतः असतील, पायरीवर बसलेले, अंधारात. म्हणजे निदान एकदा तिनं वळून पाहिलं असेल. त्यांनी तिन्ही फोटो उजळवले आणि एकावर एक रचले.

चित्रात पत्र्याची भिंत होती, लाल दिवा होता आणि समोर उघडा लॅपटॉप होता. खुर्चीत बसलेल्या माणसाला दिसेल तेवढंच. अर्ध्या तासात तिनं एकदाही मागं वळून पाहिलं नव्हतं.

चित्रातल्या लॅपटॉपवर फोटोंची मोजणी वाचता येत होती. ते रोज त्यात दहाचा आकडा घालायचे, दहापैकी इतके झाले. इथं लिहिलं होतं: ५०९७६ पैकी ३.

मास्तर माणूस, आकडा दिसला की सोडवायला बसणारच. तासाला सहा फोटो, दिवसाला एकशे चव्वेचाळीस. वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस धरले तर जुळेना, दीड हजारानं जास्त येत होतं. मग त्यांना आठवलं, तारखा ते पाळायचे. कुंदाबाई तिथी पाळायच्या. भिंतीवरचं कालनिर्णय काढून त्यांनी अमावास्येपासून अमावास्येपर्यंत एकेक दिवस मोजला. तीनशे चोपन्न. गुणिले एकशे चव्वेचाळीस. बरोबर पन्नास हजार नऊशे शहात्तर.

आहे तिथंच बस, असं ते म्हणाले होते. ऊठ असं काल म्हणाले. मधलं सगळं वर्ष, दिवस आणि रात्र, पावसात आणि उन्हात, ती त्या पायरीवर बसली होती. ते अंगणातून जा-ये करत होते.

दुपारी त्यांनी निधीला फोन केला, "येतो तुझ्याकडे," म्हणाले, आणि अकोल्याला गेले. तिच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये चार रात्री सगळे दिवे लावून झोपले. काहीही झालं नाही. पाचव्या दिवशी ते परत आले आणि लॅपटॉप उघडला. नवा फोटो एकही नव्हता. अकोल्याचे चार दिवस धरलेच गेले नव्हते.

रात्रीला तीन. म्हणजे मोजणी पुरी व्हायला साडेशेहेचाळीस वर्षं. चिंतामणरावांना मार्गशीर्षात एकोणसत्तरावं लागणार होतं.

तरी त्या रात्री ते साडेबाराला जाऊन पायरीवर बसले. दिवे आपोआप गेले. मागून लाल उजेड आला. खुर्ची करकरली. त्यांनी मागं पाहिलं नाही. चौथा फोटो संपला, पाचवा संपला. सहावा चालू असताना डाव्या पायाच्या घोट्याला काहीतरी टोचलं.

त्यांना आधी सुटल्यासारखं वाटलं, हे खरं आहे. एवढ्यावर भागलं तर बरंच झालं. मग तोंडून हाक गेलीच.

"कुंदा… पायाला काहीतरी टोचलं गं."

"काटा असेल," आतून आवाज आला. "झालंच."

ते बसून राहिले. पापण्या जड होण्याची वाट बघत, श्वास मोजत. पाखरं बोलू लागली, पूर्व फटफटली, आणि पापण्या तशाच हलक्या राहिल्या. उजेड झाल्यावर त्यांनी पाय वर घेऊन पाहिला. घोट्यात संत्र्याच्या झाडाचा काटा होता, बोटाच्या पेराएवढा.

तिनं खरंच सांगितलं होतं. त्यांनी काटा उपटून काढला आणि आत जाऊन लॅपटॉप पाहिला. भिंत तीच, लाल दिवा तोच, आणि मोजणी सहावर आली होती. फक्त या वेळी चित्रातल्या टेबलावर, लॅपटॉपच्या बाजूला, स्टीलचा थर्मास होता. तो थर्मास निधीनं गेल्याच वर्षी, आईची आठवण म्हणून, अकोल्याला नेला होता. त्याचं झाकण उघडं होतं आणि कपात एकाच माणसापुरता, खुर्चीतल्या माणसापुरता, चहा ओतलेला होता.